आत गेलो, आता बाहेर कसं यायचं?

मोबाईल शिकूया : ॲपमधून बाहेर पडण्याच्या पाच वाटा



फोन उघडायला आपल्याला पुष्कळ जणांनी शिकवलं. मुलाने शिकवलं, भाचीने शिकवलं, गटाच्या बैठकीत बँक सखीने शिकवलं. ‘इथे दाब, मग इथे दाब, झालं.’ पण आत गेल्यावर बाहेर कसं पडायचं, हे कुणी नीट सांगितलं का? बहुतेकींचं उत्तर ‘नाही’ असंच येईल. मग आपण काय करतो? बाजूचं बटण दाबून स्क्रीन काळी करतो, फोन उशाखाली ठेवतो आणि म्हणतो, ‘बंद केला.’

तो बंद झालेला नसतो. आत काय चालू आहे ते फक्त आपल्याला दिसत नाही.

आजचा धडा याच गोष्टीवर आहे. विषय वाटायला लहान आहे, पण त्यापायी एका ताईच्या हातातून फोनच सुटायची वेळ आली होती. आधी ती गोष्ट ऐका.

एका सचिव ताईची गोष्ट

आमच्या भागातला एक गट पापड करतो. उडीद डाळ तालुक्याच्या ठोक दुकानातून येते. एकदा गटाने 6,800 रुपये रोख सचिव ताईंकडे दिले. त्यांनी ते आपल्या खात्यात भरले आणि दुकानात जाऊन फोनवरून पैसे द्यायला घेतले. कोड स्कॅन केला, रक्कम घातली, पिन टाकला. स्क्रीनवर गोल चक्र फिरू लागलं. दुकान तळघरात, रेंज कमी. चक्र थांबेना. मागे गिऱ्हाईक उभं. ताई घाबरल्या आणि त्यांनी मागे जायचं बटण दोन-तीनदा दाबलं. ॲप बंद झालं. दुकानदार म्हणाला, ‘माझ्याकडे आले नाहीत.’ मग ताईंनी बाहेर रस्त्यावर येऊन पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. या वेळी पैसे गेले. डाळ घेऊन त्या घरी आल्या.

संध्याकाळी खात्यातून 13,600 रुपये कमी झालेले दिसले. वरचे 6,800 म्हणजे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले पैसे. घरात बोलणं झालं. नवरा म्हणाला, ‘उद्यापासून फोनला हात लावू नकोस, पोराला सांगत जा.’ पुढच्या बैठकीत ताई गप्प बसून होत्या. हिशोब वाचून झाल्यावर म्हणाल्या, ‘मला सचिवपद नको. मला हे जमत नाही.’

त्या बैठकीला मी हजर होते. आम्ही तिथेच त्यांचा फोन उघडला आणि व्यवहारांची यादी पाहिली. पहिल्या व्यवहारापुढे ‘प्रलंबित’ असं लिहिलेलं होतं. म्हणजे पैसे खात्यातून निघाले होते, पण दुकानदाराला मिळाले नव्हते. ते अधेमधे अडकले होते. बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी ते खात्यात परत आले. ताईंनी पासबुक भरून आणलं आणि सगळ्यांना दाखवलं. सचिवपद त्यांच्याकडेच राहिलं.

पैसे परत आले म्हणून ठीक. पण त्या मधल्या दिवसांत त्या ताईंनी काय सोसलं, ते त्यांनाच माहीत. हे सगळं कशामुळे झालं? चालू कामातून बाहेर कसं पडायचं आणि कधी पडायचं नाही, हे कुणी सांगितलंच नव्हतं. (गटाचे पैसे स्वतःच्या खात्यात मिसळू नयेत, हा या गोष्टीतला दुसरा धडा. गटाने तेव्हाच तसा ठराव केला.)

वाट पहिली : मागे

आपल्या बहुतेक फोनवर स्क्रीनच्या अगदी खाली तीन खुणा असतात. एक त्रिकोण किंवा बाण, एक गोल आणि एक चौकोन. त्रिकोण म्हणजे मागे, गोल म्हणजे घर, चौकोन म्हणजे उघडलेल्या ॲप्सची यादी. बऱ्याच फोनवर ‘मागे’ डाव्या हाताला असतं. सॅमसंगच्या फोनवर ते उजव्या हाताला असतं आणि चौकोनाच्या जागी तीन उभ्या रेघा असतात. म्हणून शेजारणीचा फोन हातात घेतला की आपलं बोट चुकतं. त्यात आपला दोष नाही.

‘मागे’ दाबलं की आपण एक पान मागे येतो. एकदम बाहेर येत नाही. व्हॉट्सॲपवर एका गटाचे निरोप वाचत असाल, तर एकदा दाबल्यावर सगळ्या गटांची यादी येते. पुन्हा दाबलं की ॲपच्या बाहेर. काही ॲप पहिल्या पानावर विचारतात, ‘बाहेर पडायचं असेल तर पुन्हा दाबा.’ लिहायच्या पाट्या म्हणजे कीबोर्ड उघडा असेल, तर पहिल्या दाबाला फक्त कीबोर्ड मिटतो. ‘बटण चालत नाही’ असं वाटून आपण जोरात दोन-तीनदा दाबतो आणि नको तितकं मागे येतो.

लक्षात ठेवायची गोष्ट एकच. मागे हे बटण वाचताना निर्धास्त दाबा. फॉर्म भरताना जपून दाबा. पैसे पाठवताना दाबूच नका. फॉर्म अर्धा भरून मागे आलात तर लिहिलेलं बहुतेक पुसलं जातं. पैशांचं चक्र फिरत असताना मागे आलात तर काम थांबत नाही. पिन टाकला त्याच क्षणी तुमचा हुकूम बँकेकडे गेलेला असतो. तुम्ही फक्त निकाल पाहायच्या आधी उठून आलात, इतकंच.

वाट दुसरी : घर

गोल खुणेला आपण ‘घर’ म्हणूया. कुठेही असा, कितीही आत गेलेल्या असा, गोल दाबला की पहिल्या स्क्रीनवर. फोनमध्ये वाट चुकली, काय करावं सुचेना, तर गोल दाबायचा. याने काही बिघडत नाही, काही पुसलं जात नाही.

पण घर दाबल्यावर ॲप बंद होत नाही. ते मागे तसंच उभं राहतं. चुलीवर दूध ठेवून आपण अंगणात आलो, तसं. दूध चुलीवर आहेच, आच चालू आहेच.

याचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो व्हिडिओ बैठकीत आणि व्हॉट्सॲप कॉलवर. बैठक संपली असं समजून आपण गोल दाबतो आणि घरातलं बोलायला लागतो. सासूबद्दल, कर्जाबद्दल, कुणाच्या पोरीच्या लग्नाबद्दल. तिकडे वीस जणी ऐकत असतात. घर दाबून कॉल संपत नाही. कॉल संपवायला लाल बटणच दाबावं लागतं. शंका आली तर स्क्रीनच्या वरच्या पट्टीकडे बघा. कॉल चालू असेल तर तिथे तशी सूचना दिसते. 2021 नंतरच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनवर माईक किंवा कॅमेरा चालू असला, की वर उजव्या कोपऱ्यात लहान हिरवा ठिपका दिसतो. ठिपका आहे म्हणजे कुणीतरी ऐकतंय किंवा पाहतंय. आधी लाल बटण, मग बाकीचं बोलणं.

वाट तिसरी : चौकोन

चौकोन दाबला की आज उघडलेली सगळी ॲप्स पत्त्यांसारखी एकापुढे एक दिसतात. त्यातल्या हव्या त्या पानावर बोट टेकवलं की तिथे परत जाता येतं. बँकेच्या निरोपातली रक्कम बघून वहीच्या ॲपमध्ये लिहायची असेल, तर ही वाट फार सोयीची. आणि एखादं पान वर ढकललं (काही फोनवर बाजूला ढकललं) की ते ॲप मिटतं.

काही जणी दर दहा मिनिटांनी सगळी पानं ढकलून देतात. ‘बॅटरी वाचते’ म्हणतात. तसं नाही. मागे थांबलेलं ॲप फोन स्वतःच गप्प ठेवतो. आपण ते ढकललं आणि परत उघडलं, तर त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते आणि त्यातच जास्त बॅटरी जाते. मग ढकलायचं कधी? ॲप अडकलं, हलेना, स्क्रीन गोठली, तेव्हा. किंवा एखादी जाहिरात बंद होत नाही, तेव्हा.

हो, जाहिरातीचं सांगायचं राहिलं. भजन ऐकताना किंवा रेसिपी बघताना पूर्ण स्क्रीनभर जाहिरात येते. फुली शोधायला जावं तर ती नखाएवढीही नसते, किंवा पाच-सहा सेकंदांनी उगवते. काही ठिकाणी फुलीचं नुसतं चित्र असतं, दाबलं की भलतंच पान उघडतं. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे, लगेच ओके दाबा,’ असंही येतं. अशा पानावरच्या कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. ते पान काय म्हणतंय ते ऐकायचंच नाही. खालचा गोल दाबायचा, मग चौकोन दाबायचा आणि ते पान ढकलून द्यायचं. खालच्या तीन खुणा आपल्या फोनच्या आहेत, जाहिरातवाल्याच्या नाहीत. म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवा.

खुणाच दिसत नाहीत, मग?

नवीन फोन घेतलेल्या ताईंची ही तक्रार असते. अँड्रॉइडची दहावी आवृत्ती 2019 मध्ये आली, तेव्हापासून बोट सरकवून चालवायची पद्धत आली. खाली तीन खुणांऐवजी एक बारीक आडवी रेघ असते. अशा फोनवर असं करायचं :

मागे यायचं : स्क्रीनच्या डाव्या किंवा उजव्या कडेवरून आत बोट सरकवा.

घरी यायचं : अगदी खालच्या कडेवरून वर बोट सरकवा आणि सोडा.

उघडलेली ॲप्स बघायची : खालून वर सरकवा, पण बोट मधेच क्षणभर थांबवा.

जमत नसेल तर तीन खुणा परत आणता येतात. सेटिंग उघडा. वर शोधायची जागा असते, तिथे ‘नेव्हिगेशन’ शोधा. ‘तीन बटणं’ असा पर्याय दिसेल, तो निवडा. यात कमीपणा काही नाही. आपल्याला जे सोपं ते आपलं. आयफोन असेल तर मागे जायचं बटण खाली नसतं, बहुतेक वेळा वर डाव्या कोपऱ्यात बाण असतो.

वाट चौथी : लॉग आउट

वरच्या तिन्ही वाटांनी आपण ॲपच्या बाहेर येतो, पण आपली ओळख आतच राहते. दार नुसतं ओढून घेतलंय, कुलूप लावलेलं नाही, असं समजा. पुढचा माणूस दार ढकलून आत गेला तर तो तुमच्याच नावाने आत फिरतो. कुलूप लावायचं म्हणजे लॉग आउट करायचं.

स्वतःच्या फोनला स्क्रीन लॉक असेल, फोन फक्त आपल्याकडेच असेल, तर प्रत्येक ॲपमधून लॉग आउट करायची गरज नाही. पण पुढच्या तीन ठिकाणी विसरायचं नाही.

पहिलं, दुसऱ्याचा फोन किंवा संगणक. सेवा केंद्रात, सायबर कॅफेत, भावाच्या फोनवर आपला मेल किंवा सरकारी पोर्टल उघडलं, तर उठण्याआधी लॉग आउट. ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ असं विचारलं तर ‘नको’.

दुसरं, झेरॉक्सचं दुकान. हे नीट ऐका. आधार कार्डाची प्रिंट काढायची असते. दुकानदार म्हणतो, ‘ताई, हा चौकोन स्कॅन करा.’ आपण स्कॅन करतो आणि आपलं अख्खं व्हॉट्सॲप त्याच्या संगणकावर उघडतं. प्रिंट निघते, दहा रुपये देऊन आपण घरी येतो. पण तिकडे व्हॉट्सॲप उघडंच राहतं. तुमचे निरोप, फोटो, गटाच्या पासबुकाचे फोटो, सगळं. दुकानदार भला असेलही, पण त्या खुर्चीवर दिवसभरात किती जण बसतात? आत्ताच तपासा : व्हॉट्सॲप उघडा, वर उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर दाबा, ‘जोडलेली डिव्हाइस’ किंवा ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. तिथे ओळखीचं नसलेलं काही दिसलं तर त्यावर दाबून लॉग आउट करा. घरबसल्या होतं, दुकानात परत जावं लागत नाही.

तिसरं, एकच फोन घरात चौघांचा. आपल्यापैकी कितीतरी जणींचं असंच आहे. मग बँकेच्या ॲपमधून काम झालं की लॉग आउट, आणि पिन कुणालाही सांगायचा नाही. पोरालाही नाही. त्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. पिन ही सहीसारखी असते आणि सही ज्याची त्याने करायची असते.

लहान मुलाच्या हातात फोन द्यायचाच असेल, तर एक चांगली सोय आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षा या भागात ‘ॲप पिनिंग’ किंवा ‘स्क्रीन पिनिंग’ असतं. ते चालू करून कार्टूनचं पान अडकवलं, की मूल त्या पानाबाहेर जाऊ शकत नाही. बाहेर पडताना लॉक विचारायचा, असंही ठरवता येतं. म्हणजे फोन मुलाकडे आणि पैसे आपल्याकडे.

वाट पाचवी : ॲप काढून टाकणं

ॲपची गरजच उरली नाही तर ते काढून टाकायचं. त्याला अनइन्स्टॉल म्हणतात. ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरलं की पर्याय येतात. इथे दोन शब्द सारखे वाटतात, पण वेगळे आहेत. नुसतं ‘काढा’ म्हटलं की बहुतेक फोनवर समोरचं चित्र जातं, ॲप फोनमध्येच राहतं. ‘अनइन्स्टॉल’ म्हटलं की ॲप खरोखर जातं.

आता महत्त्वाची गोष्ट. ॲप गेलं म्हणजे त्याच्याशी असलेला व्यवहार मिटला, असं होत नाही.

* कर्ज संपत नाही. ॲपवरून घेतलेलं कर्ज ॲप काढल्याने फिटत नाही. व्याज आणि दंड चालूच राहतात.
* दरमहा कापले जाणारे पैसे थांबत नाहीत. यूपीआयवर ‘ऑटोपे’ला एकदा होकार दिला की ठरल्या तारखेला पैसे आपोआप जातात. ते थांबवायला पैशांच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ हा भाग उघडून ती मंजुरी रद्द करावी लागते. प्ले स्टोअरवरून काही दरमहा घेतलं असेल, तर प्ले स्टोअर उघडून आपल्या फोटोवर दाबा, ‘पेमेंट आणि सदस्यत्वं’मध्ये जा आणि तिथून रद्द करा.
* दिलेली माहिती परत येत नाही. म्हणून आधी ॲपमध्ये ‘खातं हटवा’ असा पर्याय शोधा, ते करा आणि मगच ॲप काढा.
* जपून ठेवलेलं जाऊ शकतं. व्हॉट्सॲपचा बॅकअप घेतलेला नसेल आणि ते काढलं, तर जुने निरोप परत मिळत नाहीत. हिशोबाचं ॲप असेल तर आधी आकडे वहीत उतरवा.

कर्जाच्या ॲपबद्दल आणखी एक. कर्ज देणाऱ्या ॲपने आपली फोन नंबरांची यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. एखादं ॲप कर्ज देण्याआधीच ‘सगळे नंबर बघू द्या’ म्हणत असेल, तर तिथेच मागे फिरा. आत शिरलोच नाही, तर बाहेर पडायचा प्रश्नच येत नाही. पैशांची नड असेल तर गटात बोला. आपला गट त्यासाठीच आहे.

पैसे अडकले तर काय करायचं?

सचिव ताईंसारखा प्रसंग उद्या तुमच्यावरही येऊ शकतो. रेंज गेली, फोन बंद पडला, चुकून बाहेर आलात. अशा वेळी घाबरून पुन्हा पैसे पाठवू नका. क्रमाने असं करा :

1. रेंज येईल अशा ठिकाणी जा. ॲप परत उघडा आणि व्यवहारांची यादी बघा.

2. ‘यशस्वी’ लिहिलं असेल तर पैसे गेले. दुकानदाराला तो व्यवहार दाखवा.

3. ‘अयशस्वी’ लिहिलं असेल आणि खात्यातून पैसे कमी झाले नसतील, तर पुन्हा पाठवायला हरकत नाही.

4. ‘प्रलंबित’ लिहिलं असेल तर थांबा. दुकानदाराला सांगा, ‘प्रलंबित दाखवतंय, थोडं थांबू.’ घाईच असेल तर रोख द्या, आणि हे पैसे नंतर तुमच्याकडे पोचलेच तर परत करा, असं बोलून ठेवा.

5. त्या व्यवहाराचा 12 आकडी यूपीआय क्रमांक वहीत लिहून घ्या. तक्रार करायला तोच लागतो.

रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये याची मुदत ठरवून दिली आहे. यूपीआयने कुणा व्यक्तीला पैसे पाठवले, आपल्या खात्यातून गेले आणि तिला मिळाले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते परत यायला हवेत. दुकानदाराला दिलेले पण त्याच्याकडे न पोचलेले पैसे 5 दिवसांत परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई ग्राहकाला मिळाली पाहिजे. म्हणजे हे कुणाचे उपकार नाहीत, आपला हक्क आहे. मुदत उलटली तर ॲपमध्ये त्याच व्यवहारावर दाबून तक्रार नोंदवा आणि बँकेत लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या.

कुणी फोनमध्ये घुसलं असेल तर

‘बँकेतून बोलतोय, केवायसी राहिलंय, हे ॲप घ्या’ असा फोन येतो. ते ॲप घेतलं की आपली स्क्रीन त्याला तिकडे दिसते. आपण पिन टाकतो आणि तो बघतो. अशा वेळी मागे किंवा घर दाबून उपयोग नाही. आपण बाहेर आलो तरी तो आतच असतो. मग असं करा : स्क्रीनवर वरून खाली बोट ओढा आणि विमानाच्या खुणेवर दाबा. नेट बंद, त्याचं बघणं बंद. वायफाय चालू राहिलं असेल तर तेही बंद करा. मग ते ॲप अनइन्स्टॉल करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर फोन लावा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. यात वेळेला किंमत आहे. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत कळवलं, तर ते रोखले जाण्याची शक्यता जास्त. लाजेपायी सकाळपर्यंत थांबू नका. लाज फसवणाऱ्याला वाटली पाहिजे, आपल्याला नाही.

पुढच्या बैठकीत करून पाहा

वाचून हे कळत नाही, हाताने केल्यावर कळतं. बचत गोळा झाली की पंधरा मिनिटं काढा. दोघी-दोघींच्या जोड्या करा. एक फोन चालवेल, दुसरी फक्त सांगेल. तिने फोन हातात घ्यायचा नाही.

1. व्हॉट्सॲपमध्ये एका निरोपापर्यंत जा आणि ‘मागे’ दाबत बाहेर या. किती वेळा दाबावं लागलं, मोजा.

2. एकमेकींना व्हिडिओ कॉल लावा. एकीने ‘घर’ दाबावं. दुसरीला अजून आवाज येतो का, विचारा. मग लाल बटण दाबा.

3. चौकोन दाबून उघडी ॲप्स बघा. एक ढकला, एकात परत जा.

4. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा. कुणाचं व्हॉट्सॲप कुठे उघडं राहिलंय का?

5. ‘ऑटोपे’ उघडा. दरमहा काही कापलं जातंय का, जे तुम्हाला माहीतच नव्हतं?

चौथ्या आणि पाचव्या प्रश्नाला आमच्या बैठकीत दोघी-तिघींनी कपाळाला हात लावला. तुमच्याकडेही कुणी लावेल. तिला हसू नका. शेजारी बसून रद्द करून द्या, बटण मात्र तिलाच दाबू द्या.

शेवटचं

आपल्यातल्या अनेक जणी फोन मुलाच्या हातात देतात, ‘तूच कर बाबा’ म्हणतात. त्यांना येत नाही असं नसतं. आत गेलो आणि अडकलो तर, चुकीचं काही दाबलं गेलं तर, ही भीती असते. पण ज्या घरातून बाहेर पडायची वाट माहीत असते, त्या घरात शिरायला कुणी भीत नाही. वाटा पाचच आहेत. रोज एक हाताखालून घातली तर आठवड्यात पाठ होतील.

त्या सचिव ताई आता दुकानात पैसे देताना काय करतात, सांगू? पिन टाकला की फोन गल्ल्यावर ठेवतात आणि हात मागे बांधून उभ्या राहतात. हिरवी खूण आल्याशिवाय फोनला बोट लावत नाहीत. मागचं गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर म्हणतात, ‘थांबा हो, माझं काम चालू आहे.’